दुसरा विषय : जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आणि मातीचे शास्त्र

विद्यार्थ्याने कोणता विषय घ्यावा, हा वरवर पाहता त्याच्या आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. आपल्या समाजाचा अनुभव निराळा आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलाला ती भाषा शिकविण्यास शिक्षकाने नकार दिला आणि बाबासाहेबांना दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने मिळविले. ही हकिकत आपल्या निवासी शाळेतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्यांचा जन्म झाला त्याच साली, म्हणजे 1891 मध्ये, अमेरिकेतील आयोवा राज्यात एका कृष्णवर्णीय तरुणाने आपल्या जिवाचा आवडता विषय बाजूला ठेवून कृषी महाविद्यालयात नाव घातले. तो तरुण म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

मराठी वाचकाला कार्व्हर परके नाहीत. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकाने त्यांना घराघरांत नेले. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्या मुक्तीनंतर वाढलेल्या पिढीतलाच हा माणूस. त्यांचे सारे चरित्र या लेखात मावणार नाही. चित्रकलेच्या वाटेने निघालेले कार्व्हर मातीकडे कसे वळले आणि त्या मातीने त्यांना व त्यांच्या लोकांना काय दिले, एवढाच धागा येथे धरला आहे.

जन्मतारीख नक्की नाही. गुलामाच्या जन्माची नोंद ठेवण्याची गरज कोणाला वाटणार? साधारण 1864 चा सुमार, मिसुरी राज्यातील डायमंड या गावाजवळचे मोझेस कार्व्हर यांचे शेत. आई मेरी ही त्यांची विकत घेतलेली गुलाम. यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. मूल परत मिळाले ते एका शर्यतीच्या घोड्याच्या बदल्यात. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. डांग्या खोकल्याने खंगलेल्या या पोराला शेतातले जड काम झेपत नसे, म्हणून तो घरात राहून सुझन कार्व्हर यांच्याकडून शिवणटिपण, स्वयंपाक आणि कपडे धुण्याचे काम शिकला. रानात फिरून रोपे गोळा करावीत, मरू घातलेली झाडे जगवावीत, हा त्याचा छंद. शेजारपाजारचे लोक त्याला झाडांचा वैद्य म्हणू लागले होते.

शाळेसाठी तो निओशो गावी गेला, तेव्हा मरायाह वॉटकिन्स या सुईणीच्या घरी राहिला. पुढे कॅन्सस राज्यात एक गाव, मग दुसरे, मग तिसरे. कुठे स्वयंपाक करून, कुठे धुणी धुऊन शिक्षण चालले होते. 1879 मध्ये फोर्ट स्कॉट येथे एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ठार मारताना त्याने पाहिले आणि त्याने ते गावच सोडले. हायलँड येथील महाविद्यालयाने त्याचा अर्ज टपालाने मंजूर केला होता. प्रत्यक्ष दारात उभा राहिल्यावर त्याची कातडी पाहून प्रवेश नाकारला. ज्यांनी दाखल्यावरची जात वाचून बदललेले चेहरे पाहिले आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर काही काळ त्यांनी कॅन्ससच्या माळरानावर सरकारी जमीन घेऊन, मातीच्या ढेकळांचे घर बांधून शेती केली.

1890 मध्ये, पंचविशी गाठलेली असताना, आयोवातील इंडियनोला येथील सिम्पसन महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. तेथे त्यांनी घेतले चित्रकला आणि पियानो. सहाध्यायांचे कपडे धुऊन ते पोट भरीत. चित्रकलेच्या शिक्षिका एटा बड यांना त्यांच्या हातातील गुण दिसला आणि त्याच वेळी एक कठोर सत्यही दिसले. त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय चित्रकाराला चित्रांवर पोट भरणे जवळजवळ अशक्य होते. हा विद्यार्थी फुलापानांची चित्रे काढतो तेव्हा त्या झाडांची त्याला आतून ओळख आहे, हेही त्यांनी हेरले. त्यांचे वडील जोसेफ बड हे एम्स येथील आयोवा राज्य कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. त्यांच्या सल्ल्याने कार्व्हर 1891 मध्ये एम्सला गेले.

हा सल्ला चांगला होता की वाईट? मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. एका गुणी चित्रकाराला रंग बाजूला ठेवण्यास सांगितले गेले ते त्याच्या वर्णामुळे, हा अन्यायच होता. परंतु कार्व्हरांनी तो निर्णय स्वीकारताना त्यात स्वतःचा हेतू भरला. दक्षिणेतील आपल्या लोकांचे पोट ज्या शेतीवर आहे त्या शेतीचे शास्त्र आपण शिकावे, असे त्यांनी ठरविले. चित्रकला त्यांनी टाकली नाही. 1893 च्या शिकागोतील जागतिक प्रदर्शनात त्यांचे यक्का आणि निवडुंगाचे चित्र लागले आणि त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला, तेव्हा ते कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थीच होते.

एम्समध्ये ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात त्यांना बसू दिले नाही. तळघरात नोकरांबरोबर जेवावे लागले. इंडियनोलाहून त्यांच्या परिचयाच्या एक गोऱ्या बाई मुद्दाम आल्या आणि त्यांच्या शेजारी बसून जेवल्या, तेव्हा वातावरण थोडे निवळले. अशा ठिकाणी त्यांनी वनस्पतिशास्त्र, उद्यानविद्या, कलमे बांधण्याची विद्या आणि मातीचा अभ्यास केला. 1894 मध्ये पदवी, 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी. पिकांवर पडणाऱ्या बुरशींचा अभ्यास हे त्यांचे खास क्षेत्र ठरले. प्राध्यापक लुई पॅमेल यांनी त्यांना त्यात तयार केले. शिकवता शिकवता ते त्याच महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यापकही झाले होते. तेथेच राहिले असते तर बुरशीशास्त्रातील मोठे संशोधक म्हणून त्यांचे नाव झाले असते, असे मानण्यास जागा आहे.

परंतु 1896 मध्येच बुकर टी. वॉशिंग्टन यांचे अलाबामातील टस्कीगी संस्थेचे बोलावणे आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वेगळे ठेवले तरी समान वागविले असे मानण्यास हरकत नाही, या तत्त्वावर वर्णभेदाला कायद्याची मान्यता दिली होती. टस्कीगीत प्रयोगशाळा नव्हती. उकिरड्यावरच्या बाटल्या, फुटकी भांडी, दिव्याच्या काचा अशा भंगारातून कार्व्हर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपकरणे तयार केली. 1897 मध्ये राज्य विधिमंडळाने तेथे कृषी प्रयोग केंद्र मंजूर केले. त्यासाठी वर्षाला 1500 डॉलर. गोऱ्यांच्या केंद्रांना मिळणाऱ्या रकमेपुढे ही भीकच होती.

अलाबामाची जमीन वर्षानुवर्षे कापूस घेऊन निकस झाली होती. पावसाने वरचा थर वाहून जाई आणि खालची तांबडी चिकणमाती उघडी पडे. कार्व्हरांचा उपाय साधा होता. कापसाबरोबर पिकांची फेरपालट करून चवळी, भुईमूग यांसारखी शेंगावर्गीय पिके घ्यावीत. या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील सूक्ष्म जीव हवेतला नत्र पकडून जमिनीत साठवितात. विकतचे खत कर्जाशिवाय मिळत नव्हते, म्हणून दलदलीतला काळा गाळ, जंगलातील पालापाचोळा आणि शेणखत शेतात घालावे, असे त्यांनी सांगितले. खोल नांगरट करावी, उतारावर माती अडवावी. यात मोठे संशोधन नव्हते. ज्याच्या खिशात एक नाणेही नाही त्याला उद्या सकाळी करता येईल असे शास्त्र मात्र होते. 1898 पासून त्यांनी पुस्तिका काढल्या, एकूण चव्वेचाळीस. 1905 ची पुस्तिका निकस जमीन सुधारण्यावर, 1916 ची भुईमुगाची लागवड आणि त्याच्या 105 पाककृतींवर. भाषा अशी की साधे लिहितावाचता येणाऱ्या शेतकऱ्याला कळावी. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी 1906 पासून खेचरे जोडलेली एक गाडी अवजारे, बियाणे आणि दूध घुसळण्याचे यंत्र घेऊन वस्त्यावस्त्यांवर फिरू लागली. मॉरिस जेसप यांच्या देणगीतून ती झाली, म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. पुढे 1910 च्या आसपास कापसाच्या बोंडांवरचा सोंडकिडा अलाबामात पोहोचला. (आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील बोंडअळी निराळी, परंतु शेतकऱ्याच्या घरावर येणारी अवकळा तीच.) कापूस गेल्यावर भुईमुगाकडे वळण्याखेरीज अनेकांना मार्ग उरला नाही.

इथपर्यंतची कहाणी आपण नेहमी ऐकतो. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही.

कार्व्हरांचे बहुसंख्य श्रोते वाटेकरी होते. जमीन गोऱ्या मालकाची, बैलखेचर त्याचे, बी-बियाणे आणि वर्षभराचे धान्य दुकानदाराकडून उधारीवर, तेही येणाऱ्या पिकाच्या तारणावर. सावकाराला कापूस हवा असे, कारण बाजारात रोख मिळे ती कापसाला. तेव्हा काय पेरायचे हे वाटेकऱ्याच्या हाती नव्हते. चवळी पेरून जमीन सुधारली तर त्या सुधारलेल्या जमिनीचे मोल मालकाचे, आणि पुढच्या हंगामात वाटेकऱ्याला हाकलून देण्याचा अधिकारही त्याचाच. मातीच्या शास्त्राने उत्पन्न वाढेल, पण मातीची मालकी कशी मिळेल, या प्रश्नाला टस्कीगीच्या पुस्तिकांत उत्तर नाही. 1901 च्या अलाबामाच्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ संपविला, तेव्हाही कार्व्हर राजकारणापासून दूरच राहिले. डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी वॉशिंग्टन यांच्या तडजोडीच्या मार्गावर 1903 मध्ये कठोर टीका केली ती याच कारणाने.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, नोव्हेंबर 1915 मध्ये, वॉशिंग्टन यांचे निधन झाले. बाबासाहेबांनीही शेतीचा अभ्यास केला, पण अर्थशास्त्राच्या अंगाने. 1918 च्या आपल्या निबंधात त्यांनी दाखविले की शेताचा तुकडा लहान की मोठा एवढ्यावर शेतीचे भवितव्य ठरत नाही; भांडवल किती आणि जमिनीवर रिकाम्या हातांचा भार किती, हे पाहावे लागते. 1947 मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांनी ती सामुदायिक रीतीने कसावी, अशी योजना मांडली. डुबॉईस यांना त्यांनी 1946 मध्ये पत्र लिहिले होते. हे दोन्ही प्रवाह शेजारी ठेवले की कार्व्हरांची थोरवी आणि त्यांची मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. कार्व्हरांना दोष देणे मला सोपे वाटत नाही. ज्या गावात बोलल्याबद्दल माणसाला झाडाला टांगत, तेथे त्यांनी सत्तेचाळीस वर्षे काढली.

त्यांच्या नावाभोवती दंतकथाही पुष्कळ जमल्या आहेत. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे आजही सांगतात. ते त्यांच्या आधीपासून होते. भुईमुगापासून 300 पदार्थ केले, हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्यांतील बरेचसे घरगुती उपयोगाचे होते, अनेकांची कृती त्यांनी लिहून ठेवली नाही आणि नावावर एकस्वे घेतली ती अवघी तीन. 1921 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगावरील आयातकराविषयी बोलण्यास त्यांना दहा मिनिटे दिली होती. एका सदस्याने कलिंगडाचा उल्लेख करून वर्णद्वेषी टोमणाही मारला. कार्व्हर शांतपणे डब्यातून एकेक वस्तू काढीत राहिले आणि सदस्यांनीच त्यांची वेळ वाढवीत नेली. तेव्हापासून ते देशभर भुईमुगाचा माणूस म्हणून प्रसिद्ध झाले आणि मातीचा शिक्षक मागे पडला. संस्थेतही सारे सुरळीत नव्हते. कोंबड्यांच्या खुराड्याचे हिशेब जुळत नाहीत, म्हणून वॉशिंग्टन त्यांना खरमरीत चिठ्ठ्या पाठवीत, आणि कार्व्हर पुनःपुन्हा राजीनाम्याची भाषा करीत. व्यवस्थापन त्यांना जमले नाही, हे मान्य करावे लागते.

टस्कीगीला येताना काही वर्षांनी परत चित्रकलेकडे जाऊ, असे त्यांच्या मनात होते. ते घडले नाही. परंतु 1911 च्या एका पुस्तिकेकडे माझे लक्ष नेहमी जाते. तिचा विषय खत नाही, पीकही नाही. मेकन परगण्यातील स्थानिक चिकणमातीपासून घरांना पांढरा व रंगीत हात कसा द्यावा, हे तिच्यात सांगितले आहे. वाटेकऱ्यांच्या काळवंडलेल्या लाकडी खोपट्यांसाठी, पैसा न खर्चता, पायाखालच्या मातीतून पिवळा, तांबूस रंग. स्वतःच्या चित्रांसाठीही ते याच मातीतून रंग काढीत.

5 जानेवारी 1943 रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची बचत त्यांनी संशोधनासाठी टस्कीगीतच एका प्रतिष्ठानाला दिली होती. लग्न केले नाही, घर बांधले नाही. त्यांची समाधी वॉशिंग्टन यांच्या समाधीशेजारी आहे. 1947 मध्ये टस्कीगीतील त्यांच्या संग्रहालयाला आग लागली आणि बहुतेक चित्रे जळून गेली. पुस्तिका मात्र आजही वाचावयास मिळतात.