फ्लॉरेन्स नाइटिंगेल : पेल्याचा आणि भांड्याचा हिशेब

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात झाला. परमेश्वराने आपणास सेवेसाठी पाचारण केले आहे, अशी त्यांची 1837 मध्ये खात्री झाली. परंतु परिचारिकेचे काम त्या काळी कुलीन स्त्रीस कमीपणाचे वाटे. घरच्यांचा विरोध ओलांडून जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या डीकनेस संस्थेत शिकावयास जाण्यास 1851 साल उजाडले.

क्रिमियन युद्धात 4 नोव्हेंबर 1854 रोजी त्या अडतीस परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे अतिसाराने खंगलेल्या सैनिकांपुढे अर्धकच्चे मांस येई. कोणाच्या वाट्यास नुसते हाडही येई. बाईंनी दुर्बलांसाठी वेगळा स्वयंपाक सुरू केला. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू थांबले नाहीत. 1855 च्या मार्चनंतर इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ झाली, तेव्हाच मृत्युसंख्या झपाट्याने उतरली. केवळ ममता पुरेशी नाही, हा धडा त्या कधी विसरल्या नाहीत.

1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की, भरपूर अन्न असूनही केवळ लक्ष न दिल्यामुळे रुग्ण उपाशी मरतात. ताट पुढे ठेवले म्हणजे अन्न पोटात गेले असे नव्हे. अशक्त रुग्णास पेलाभर पेय जड जाते. तेच चमचा-चमचा, ठरल्या वेळी दिल्यास पचते. जुलाब किती झाले, असे वैद्याने विचारता एकदाच, असे उत्तर मिळे. वास्तविक भांडे एकदा रिकामे केलेले असे, वापरलेले मात्र सात-आठ वेळा! अशा उत्तरावर उपचार ठरला तर रुग्णाचे काय होणार? म्हणून अंदाज नको, नेमके निरीक्षण हवे, असा त्यांचा आग्रह होता. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली.

त्या भारतात कधी आल्या नाहीत. मात्र येथील आरोग्यासाठी त्यांनी अनेक वर्षे लेखणी झिजवली. 1898 च्या प्लेगनंतर विस्तारलेल्या बंगळूरच्या मल्लेश्वरमात आज के. सी. जनरल रुग्णालय आहे. तेथे असो वा आपल्या गावी, अत्यवस्थ रुग्णाचा जमाखर्च मांडण्याची रीत एकच. पाणी, पेज, दूध, सलाईन हे जमेकडे. लघवी, उलटी, जुलाब हे खर्चाकडे. सारे मोजून मिलिलिटरमध्ये लिहावयाचे आणि चोवीस तासांची बेरीज करावयाची. प्रौढ रुग्णास दिवसभरात 400 मिलिलिटरहून कमी लघवी झाल्यास तो धोक्याचा इशारा समजून डॉक्टरांस कळवावे. घरच्यांनी गुपचूप पाजलेला अर्धा पेला चहाही परिचारिकेस सांगितला पाहिजे.

13 ऑगस्ट 1910 रोजी बाई प्रभूकडे गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा मान त्यांच्या इच्छेनुसार नाकारण्यात आला. ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्या विसावल्या आहेत. तान्हेल्यास पाणी देणे ही प्रभूचीच सेवा होय, हे आपण जाणतो. त्याने ते किती प्यायले, हे पाहणेही त्याच सेवेत येते.