एसीतला गॅस बदलणारा इंजिनिअर

घरातला एसी थंड करेनासा झाला की मेकॅनिक कॉम्प्रेसर बघतो, कपॅसिटर बघतो, बाहेरचा पंखा फिरतो का ते बघतो. सगळ्यात महत्त्वाचा भाग मात्र डोळ्यांना दिसतच नाही. तांब्याच्या नळ्यांतून फिरणारा गॅस खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. बाकीची यंत्रणा त्याला फिरवण्यापुरती. अमेरिकेत १९२८ मध्ये हाच भाग बदलायची वेळ आली आणि ते काम थॉमस मिजली यांच्याकडे गेले.

त्या काळच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, अमोनिया किंवा मिथाइल क्लोराइड भरत. पहिले दोन गळले तर नाकातोंडाची आणि फुप्फुसांची आग होते, पण निदान माणूस घराबाहेर तरी पळतो. मिथाइल क्लोराइडला उग्र वास नाही. दारू चढल्यासारखी गुंगी येते, तोल जातो, झटके येतात, आणि रात्री गळती झाली तर झोपलेल्याला काही कळतही नाही. १९२९ मध्ये शिकागोत अशा गळतीने अनेकांचे प्राण गेले. खोली थंड करणारे यंत्र तर माणसाच्या उशाशीच बसवायचे. त्यात असला गॅस भरून ते घरोघरी विकणे शक्यच नव्हते. प्रोपेन, आयसोब्युटेन हे गॅस थंडावा चांगला देत, पण ते पेट घेत. विषारी नाही, जळत नाही आणि थंडावा देतो असा गॅस हवा होता.

मिजली यांचा जन्म १८८९ सालचा, पेनसिल्व्हेनियातला. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे. कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये पदवी घेतली. रसायनशास्त्र ते कामावरच शिकले. १९१६ मध्ये डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत ते रुजू झाले आणि पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सकडे गेली.

तिथले त्यांचे पहिले मोठे काम पेट्रोलचे. इंजिनावर भार आला की पेट्रोल वेळेआधीच पेट घेई आणि आत ठकठक आवाज होई. असंख्य पदार्थ मिसळून पाहिल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हाती लागले. ते नावालाच इंजिनात घातले की आवाज बंद. अल्कोहोल मिसळूनही ठकठक कमी होते हे माहीत होते, पण त्यावर पेटंट मिळण्यासारखे नव्हते. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये या पेट्रोलची विक्री सुरू झाली. त्याच सुमारास मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी होते आणि हवापालटासाठी फ्लोरिडाला गेले होते.

शिसे विषारी आहे हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक होते. पोटात कळा, रक्तक्षय, मनगट लुळे पडणे ही त्याची जुनी लक्षणे. टेट्राएथिल लेड त्याहून घातक, कारण ते चरबीत विरघळते, कातडीतून आत शिरते आणि थेट मेंदू गाठते. कारखान्यांतल्या कामगारांना झोप येईना, भास होऊ लागले. एका कारखान्यात हवेतले किडे झटकणारी माणसे इतकी दिसू लागली की त्या इमारतीला फुलपाखरांचे घर असे नाव पडले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात पाच कामगार दगावले आणि तीसहून अधिक जण रुग्णालयात गेले.

त्यानंतर मिजली पत्रकारांसमोर आले. त्यांनी ते रसायन हातांवर ओतून घेतले आणि मिनिटभर त्याची वाफ हुंगली. स्वतः त्याच शिशाने आजारी पडलेल्या माणसाने हे करावे याचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय एका मिनिटाने काहीच सिद्ध होत नाही. शिसे हाडांत साठते, वर्षानुवर्षे राहते आणि मुलांच्या मेंदूवर हळूहळू परिणाम करते. औद्योगिक आरोग्याच्या तज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९२५ च्या सरकारी परिषदेत याला विरोध केला, पण विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात शिशाचे पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. अल्जीरिया या शेवटच्या देशाने ते २०२१ मध्ये थांबवले.

फ्रिजच्या गॅसचे काम १९२८ मध्ये आले तेव्हा मिजली यांनी अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनेरी यांना सोबत घेतले. आवर्त सारणी समोर ठेवून त्यांनी मूलद्रव्ये गाळायला सुरुवात केली: कोणत्या मूलद्रव्यांची संयुगे सहज वायुरूप होतात, कोणती कमी जळतात, कोणती कमी विषारी. बोट फ्लोरिनवर येऊन थांबले. फ्लोरिन स्वतः महाभयंकर, पण कार्बनशी त्याचे बंध इतके घट्ट की ते संयुग सहसा कशाशीच अभिक्रिया करत नाही. तीन दिवसांत पहिला नमुना तयार झाला.

यातला एक प्रसंग मिजली यांनीच पुढे लिहून ठेवला आहे. नमुना बनवायला अँटिमनी ट्रायफ्लोराइडच्या लहान बाटल्या मागवल्या होत्या. एका बाटलीतून गॅस तयार केला आणि गिनिपिगला हुंगवला. त्याला काही झाले नाही. दुसऱ्या बाटलीच्या गॅसने गिनिपिग मेला. त्या बाटलीतल्या मालात भेसळ निघाली आणि तिच्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. पाचांपैकी एकच बाटली शुद्ध होती आणि नेमकी तीच आधी उघडली गेली. उलटे झाले असते तर हा शोध कदाचित तिथेच सोडून दिला गेला असता.

एप्रिल १९३० मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजली यांनी हा नवा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. गॅस विषारी नाही आणि पेटत नाही, दोन्ही एका फुंकरीत दाखवून झाले. या वेळी ते जे सांगत होते ते खरेही होते. फ्रीऑन या नावाने गॅस बाजारात आला आणि फ्रिज स्वयंपाकघरात व एसी निजायच्या खोलीत निर्धास्तपणे बसला. गळतीने होणारे मृत्यू टळले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

वयाच्या ५१ व्या वर्षी, १९४० मध्ये, मिजली यांना पोलिओ झाला आणि पाय गेले. बिछान्यातून उठण्यासाठी त्यांनी दोर आणि कप्प्यांची यंत्रणा स्वतःच तयार केली. १९४४ मध्ये ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला त्या दोरांचा फास बसून मरण पावलेले आढळले. वय ५५. नावावर शंभरहून अधिक पेटंट होती.

फ्रीऑन कशाशीच अभिक्रिया करत नाही, हा त्याचा गुणच पुढे घातक ठरला. हवेत सुटलेला गॅस विघटित न होता वर चढत राहतो. बऱ्याच उंचीवर अतिनील किरणांनी तो फुटतो, क्लोरीन सुटतो आणि क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो. ओझोन विरळ झाला की जमिनीवर येणारे अतिनील किरण वाढतात आणि त्यांबरोबर त्वचेच्या कर्करोगाचा व मोतीबिंदूचा धोका. मारियो मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्ये हे मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जाहीर झाले आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. मेणबत्ती विझवून यातले काहीच कळण्यासारखे नव्हते.

आपल्याकडच्या जुन्या घरगुती एसींमध्ये याच घराण्यातला आर-२२ असतो. ओझोनला त्याचा त्रास कमी, तरी विकसनशील देशांना तो २०३० पर्यंत जवळपास बंद करायचा आहे. नव्या यंत्रांत आर-३२ किंवा आर-२९० येतो. पण जुन्या यंत्राला गॅस हवा असेल तर यांतला कोणताही भरून चालत नाही. आर-३२ चा दाब बराच जास्त असतो आणि त्याला कॉम्प्रेसरमधले तेलही वेगळे लागते. आर-२९० म्हणजे प्रोपेन. आर-२२ च्या जागी तो थंडावा देईल, पण जुन्या यंत्रातले विजेचे भाग ज्वलनशील गॅस धरून बनवलेले नसतात. एक ठिणगी पुरे. यंत्राच्या पाटीवर लिहिलेला गॅसच भरायचा, आणि तोही आधी गळती शोधून बंद केल्यावर. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे.

मिजली यांना ज्यांना पर्याय शोधायचा होता त्या जळणाऱ्या गॅसपैकी आयसोब्युटेन आज बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आहे. काही दहा ग्रॅमच, आणि मागच्या बाजूला ज्वाळेचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण चिकटवलेला.