नाणेघाटातली देवी

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघाले की वैशाखरे गावाजवळ उजव्या हाताला नाणेघाटाची वाट फुटते. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे तरुणांची झुंबड असते. माथ्याजवळच्या गुहेत मंडळी दम खातात, डबे सोडतात. त्या गुहेच्या भिंतींवरची अक्षरे वाचायला मात्र फारसे कुणी थांबत नाही. ती अक्षरे म्हणजे एका बाईचे चरित्र आहे. तिचे नाव नागनिका.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही सातवाहनांची राणी. एका महारठी सरदाराची लेक, पैठणच्या राजघराण्याची सून, पहिल्या सातकर्णीची पत्नी आणि वेदिश्री व शक्तिश्री या कुमारांची आई. पती गेला तेव्हा मुले लहान होती आणि राज्याचा गाडा तिने ओढला, असे इतिहासकार मानतात. वैधव्यात तिने कडक व्रते केली, महिना महिना उपवास केले, ब्रह्मचर्याने राहिली. हे सारे त्या प्राकृत लेखात कोरलेले आहे.

अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणांची यादीही त्यात आहे. कुठे 1101 गाई, कुठे 10,001 गाई, कुठे 24,400 कार्षापण. आपल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या आकड्यांची गणना होते. हे यज्ञ तिने स्वतः केले की पतीसोबत, यावर पंडितांनी पुष्कळ वाद घातला. बाईला एकटीने यज्ञाचा अधिकार नाही, हे शास्त्र त्या वादाच्या मुळाशी होते.

लेखाच्या आरंभी देवांना वंदन आहे. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. वाचता येणाऱ्या या नावांत एकही देवी नाही! एका राणीच्या लेखात लक्ष्मी नाही, गौरी नाही. देवी हा शब्द भेटतो तो गुहेतल्या पुतळ्यांच्या नावांत, आणि तो तिलाच लावलेला आहे: देवी नायनिका. ते पुतळे आता उरलेले नाहीत. नावे तेवढी राहिली.

नेमका याच्या उलट प्रकार समुद्रापलीकडे रोममध्ये दिसतो. तिथल्या काव्यांत देवींची रेलचेल आहे. इसवी सनापूर्वी 19 मध्ये निवर्तलेल्या व्हर्जिलच्या 'इनीड'मध्ये ज्युनो ही देवांची राणी. पण ती दिसते रुसलेली, सूडाने पेटलेली, आणि अखेरचा शब्द असतो तिचा नवरा ज्युपिटरचा. रोमन बाईला ना मताचा अधिकार होता, ना राज्यातले एखादे पद. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिला देवीपद मिळाले ते मृत्यूनंतर, इ.स. 42 मध्ये.

हे दोन देश परस्परांना अनोळखी नव्हते. घाटावरचा माल नाणेघाटातून, तसाच शहापूरकडच्या थळघाटातून कल्याण-सोपाऱ्याला उतरे आणि गलबतांतून पश्चिमेला जाई. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. कुणी तिला लक्ष्मी म्हणतात, कुणी यक्षी. तशाच धाटणीच्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत.

म्हणजे देव्हाऱ्यात देवी किती, यावरून घरातल्या बाईचे वजन ठरत नाही. रोममध्ये देवी होत्या, पण बाईच्या हाती सत्ता नव्हती. नागनिकेच्या वंदनात देवी नव्हती, पण राज्य तिने चालवले. तरीही मोठ्या लेखात तिची ओळख लेक, सून, पत्नी आणि आई म्हणूनच आहे. तिचे स्वतःचे नाव आपल्याला कळते ते पुतळ्यावरच्या दोन शब्दांमुळे.

एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी ही अक्षरे लावली, म्हणून ती आपल्याला भेटली. नवरात्रात घट बसवताना, किंवा सातबाऱ्यावर घरातल्या बाईचे नाव लावायचे की नाही याचा विचार करताना, नाणेघाटातली ही देवी आठवावी. पुढच्या सहलीत डबा सोडण्याआधी मुलांना ती भिंत जरूर दाखवा.