पंडिता रमाबाईंनी बायबलची मराठी का बदलली?

यवतमाळमध्ये १९५३ साली बायबलच्या उच्च अभ्यासासाठी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. मात्र त्याआधी कितीतरी वर्षे, दौंडजवळच्या केडगावात एका मराठी स्त्रीने बायबलच्या मूळ भाषांना हात घातला होता.

१८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई डोंगरे घरीच संस्कृत शिकल्या. आईवडील दुष्काळात गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या आणि महाराष्ट्रात टीकेची झोड उठली.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा होत्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या. तेव्हाचे मराठी बायबल त्यांना पेलत नव्हते. त्यातले संस्कृत शब्द जड तर होतेच; शिवाय त्यांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत, असे रमाबाईंचे मत होते. संस्कृत कोळून प्यायलेल्या बाईंनीच मग संस्कृत शब्द गाळायला घेतले! इंग्रजीवरून भाषांतर करणे सोपे होते. त्या मात्र जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्या करारासाठी ग्रीक शिकल्या.

काम सुमारे १८ वर्षे चालले. मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायका-मुली खिळे जुळवत. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले. चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालत राहिली.