चाळीस पानांची पीएचडी आणि आपलं प्रॅक्टिकलचं जर्नल

गेल्या महिन्यात डोलवीहून मामेबहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एफवाय बीएस्सीला आहे. साध्या लंबकाचा प्रयोग होता आणि तिचं g येत होतं १०.९. पुस्तकात ९.८. तिची मागणी सरळ होती : दादा, एआयला सांगून रीडिंग्ज अशी करून दे की उत्तर ९.८ येईल.

मी तिला ओरडलो नाही, कारण तो अधिकार मला नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं, फक्त एआयशिवाय. उत्तर आधी, रीडिंग मागून, आणि ग्राफवरचे सगळे ठिपके शिस्तीत रेषेवर. म्हणून तिला उपदेश करायच्या ऐवजी कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितोय.

कमला भागवत १९११ साली इंदूरला जन्मल्या. लेखिका दुर्गा भागवत त्यांची मोठी बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये बीएस्सी झाल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. बाई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर : पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. रामन यांचं नाव आपण ज्या आदराने घेतो त्यात हाही भाग धरायला हवा, असं मला वाटतं.

तिथे एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यं यांच्यातल्या प्रथिनांवर काम केलं. १९३५ मध्ये ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये दोघांचा निबंध आला, विषय कडधान्यांतला प्रथिनाबाहेरचा नायट्रोजन. ऐकायला कोरडं वाटतं, पण समजून घ्या. अन्नातलं प्रथिन मोजायची जुनी रीत म्हणजे आधी नायट्रोजन मोजा आणि त्याला ६.२५ ने गुणा. आता सगळा नायट्रोजन प्रथिनातला नसेल, तर उत्तर फुगतं. चीनमध्ये २००८ साली दुधाच्या भुकटीत मेलामाइन घालणाऱ्यांनी नेमकी हीच फट वापरली. म्हणजे आकडा कुठून आला हे विचारणं, हाच त्या निबंधाचा विषय होता.

पुढे केंब्रिज. तिथे आधी डेरेक रिश्टर, मग रॉबिन हिल. बायोलॉजीतली हिल अभिक्रिया यांचीच. बटाट्याच्या पेशींवर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींमध्ये सायटोक्रोम सी असल्याचं दिसलं. हे प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याला देतं. वनस्पतीही प्राण्यांसारख्याच रीतीने श्वास घेतात, याचा हा मोठा पुरावा होता. १९३९ मध्ये हिल आणि भागवत या दोघांच्या नावाने ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपणही आलं.

आणि आता तो प्रबंध. साधारण चौदा महिन्यांचं काम, आणि टाइप केलेली फक्त चाळीस पानं. तेवढ्यावर १९३९ मध्ये केंब्रिजने पीएचडी दिली. आपल्याकडे अनेकदा एका सेमिस्टरचं जर्नलच याहून जाड होतं! उद्दिष्ट, साहित्य, कृती सगळं मागच्या बॅचचं जसंच्या तसं, आणि आपलं स्वतःचं काय, तर अर्ध्या पानाचं टेबल.

त्या भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा, १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनींशी लग्न आणि मुंबई. तिथे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवता शिकवता त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पण आम्हा रायगडकरांना जवळचं काम वेगळं आहे. कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी द्रव्यं असतात, त्यांचा अभ्यास त्यांच्या प्रयोगशाळेत झाला, आणि त्यात आपला वालही होता. नीट शिजवलं की ही द्रव्यं बरीचशी निकामी होतात. पुढच्या वेळी पोपटीचं मडकं उतरवताना आठवा. निवृत्तीनंतरही त्या ग्राहक चळवळीत होत्या, भेसळ ओळखण्याबद्दल लिहीत होत्या. १९९८ मध्ये त्या गेल्या.

तर, मामेबहीण. तिने पाठवलेल्या टेबलाचा फोटो मी नीट पाहिला. एक मीटर दोरी, वीस आंदोलनं, ३८.१ सेकंद. दोरीची लांबी बदलली तरी प्रत्येक वेळी g १०.९ च्या आसपासच. चूक इतकी एकसारखी असेल तर ती हाताच्या थरथरीची नसते, पद्धतीची असते. मी तिला विचारलं, स्टॉपवॉच चालू करताना तू काय मोजतेस? ती म्हणाली, एक.

आम्हा प्रोग्रामरांचा सगळ्यात जुना बग! सुरुवात शून्यापासून करायला हवी. ती वीस म्हणत होती, पण आंदोलनं एकोणीसच झालेली असायची.

रविवारी तिने घरीच दाराच्या चौकटीला लंबक टांगला आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. व्हिडिओ मागे-पुढे करून मोजलं तर वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद. g आलं ९.७७. जर्नलमध्ये तिने जुनं टेबल खोडलं नाही. त्याखाली काय चुकलं ते तीन ओळींत लिहिलं आणि नवं टेबल जोडलं. सरांची सही अजून व्हायची आहे.