जमशेटजी टाटा आणि घाटातील वीज

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण पुरे करून ते वडिलांच्या व्यापारात शिरले. १८७७ मध्ये त्यांनी नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे १८८६ मध्ये कुर्ल्याची एक डबघाईस आलेली गिरणी त्यांनी विकत घेतली व तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. ही गिरणी सावरताना त्यांना अतोनात कष्ट पडले.

त्या काळी मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. त्यांना लागणारा दगडी कोळसा दूरदेशाहून येई. तो महाग पडे आणि त्याच्या धुराने गिरणगावचे आकाश काळवंडून जाई. इकडे सह्याद्रीवर दर पावसाळ्यात अपार पाणी कोसळे व वाहून जाई. हे पाणी लोणावळ्याजवळ अडवून घाटाखाली खोपोलीस सोडावे आणि त्याच्या जोरावर वीज निर्माण करावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी मांडली. जमशेटजींनी ती मनावर घेतली. परंतु १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले, तेव्हा धरणाचा एक दगडही रचला गेला नव्हता.

त्यांचे पुत्र दोराबजी यांनी १९१० मध्ये कंपनी स्थापिली. १९११ मध्ये वळवण धरणाची कोनशिला बसली. धरण बांधणे, डोंगरातून नळ उतरविणे आणि डोंगरदऱ्या ओलांडून मुंबईपर्यंत तारा नेणे ही कामे सोपी नव्हती. १९१५ च्या फेब्रुवारीत सुमारे ५०० मीटर खाली कोसळणाऱ्या पाण्याने खोपोलीची चक्रे फिरू लागली.

अशा जनित्रात तारांची तीन वेटोळी एकमेकांपासून एकतृतीयांश फेऱ्याच्या अंतरावर बसविलेली असतात. त्यामुळे तिन्हींतील विजेचा दाब एकाच वेळी नव्हे, तर एकामागून एक चढतो व उतरतो. या प्रत्येकीस कला किंवा फेज म्हणतात. आपल्याकडे ही चढउतार सेकंदास ५० वेळा पुरी होते. तीन माणसांनी आळीपाळीने जाते ओढावे, तशी तीन फेजांवरील मोटर न अडखळता फिरते. म्हणून गिरण्यांना ही वीज फार मानवली.

उपनगरांत घरोघर वीज पोचविण्यासाठी १९२९ मध्ये निराळी कंपनी निघाली. ती टाटांकडून वीज घेई. आज वाकोल्याच्या एखाद्या इमारतीत तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. न्यूट्रल म्हणजे रोहित्रात तिन्ही वेटोळ्यांची टोके जेथे जोडून जमिनीशी बांधलेली असतात, तेथून निघालेली तार. लहान घरास एक फेज व न्यूट्रल पुरते. त्यांच्यामधील दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. दोन फेजांमध्ये मात्र तो ४०० व्होल्टांपर्यंत जातो. लिफ्टला व मोठ्या पंपाला तिन्ही फेज लागतात. म्हणूनच कधी एक फेज गेला, की शेजारच्या घरी दिवे लखलखत असता आपल्या घरी अंधार पडतो, आणि लिफ्टही बंद ठेवावी लागते. अर्थिंगची तार याहून वेगळी. यंत्राच्या धातूच्या अंगात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीकडे वाट देणे हे तिचे काम.

१९०३ च्या डिसेंबरात मुंबईच्या किनाऱ्यावर जमशेटजींचे ताजमहाल हॉटेल विजेच्या दिव्यांनी उजळले होते. तो प्रकाश त्यांनी पाहिला. खोपोलीची वीज मुंबईत पोचली, तेव्हा त्यांना जाऊन जवळजवळ अकरा वर्षे लोटली होती.