जंतूंच्या अदृश्य वैऱ्याचा शोध : फेलिक्स देरेल

क्षिप्रेच्या काठी राहणाऱ्यांना नदी आणि जत्रा यांचे नाते निराळे सांगावयास नको. सिंहस्थास लक्षावधी यात्रेकरू येतात, स्नान करतात, तीर्थ म्हणून तेच पाणी मुखात घेतात. एके काळी मोठी जत्रा भरली की तिच्या पाठोपाठ पटकीची साथ यावयाची, असे जणू ठरूनच गेले होते. अशा त्या काळात, १८९६ साली, आग्र्याचे सरकारी रसायनपरीक्षक अर्नेस्ट हॅन्किन यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू सोडले असता ते काही तासांत नाहीसे होत. तेच पाणी उकळून घेतले, तर मात्र जंतू खुशाल जगत. (साथ आली म्हणजे विहिरीत जांभळे औषध टाकीत, हे वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. पोटॅशियम परमँगनेटच्या त्या उपायाचा पुरस्कारही हॅन्किन यांनीच केला होता.) पाण्यात असे काय होते, याचा उलगडा त्यांना झाला नाही. तो करू पाहणारा मनुष्य त्या वेळी तेवीस वर्षांचा होता, आणि त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती.

फेलिक्स देरेल यांचा जन्म १८७३ सालचा. त्यांचे जन्मस्थान कॅनडातील माँट्रियल, असे दीर्घकाळ समजले जाई. पुढील संशोधकांनी कागदपत्रे पाहिली तेव्हा ते पॅरिस असल्याचे दिसून आले. वडील लहानपणीच वारले. सूक्ष्मजंतुशास्त्र त्यांनी पुस्तके वाचून आणि घरातच प्रयोगशाळा थाटून आत्मसात केले. उदरनिर्वाहासाठी ते प्रथम ग्वाटेमालात रुग्णालयाचे जंतुशास्त्रज्ञ झाले, मग मेक्सिकोस गेले. तेथे त्यांना मृत टोळांच्या आतड्यांत एक रोगजंतू सापडला. टोळधाडीचा नाश टोळांच्याच रोगाने करावा, या कल्पनेने ते अर्जेंटिना व ट्युनिशिया येथे हिंडले. हे करीत असताना त्यांना एक बारीकशी गोष्ट दिसली. काचेच्या बशीत जंतूंचा दाट थर वाढावा, आणि त्यात मधूनच टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ, मोकळी जागा राहावी. दुसऱ्या कोणी ती बशी बिघडली म्हणून टाकून दिली असती.

१९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असता, पॅरिसजवळ तळ देऊन असलेल्या सैनिकांत रक्तातिसाराची साथ आली. देरेल तेव्हा पाश्चर संस्थेत काम करीत होते. रुग्णांचा मळ त्यांनी पाण्यात कालवला आणि तो चिनी मातीच्या अशा गाळणीतून गाळला की कोणताही जंतू पार जाऊ नये. त्या स्वच्छ द्रवाचे थेंब त्यांनी रोगजंतूंनी गढूळ झालेल्या नळीत टाकले. नळी नितळ झाली! मग त्या नितळ नळीतील एक थेंब दुसऱ्या गढूळ नळीत, तिच्यातील तिसऱ्या नळीत, असा क्रम त्यांनी चालविला. एखादे विष असते, तर प्रत्येक वेळी पातळ होत होत त्याचा जोर सरला असता. येथे जोर कमी होईना. यावरून देरेल यांनी अनुमान काढले की, ते विष नसून वाढणारे, प्रजा निर्माण करणारे काहीतरी आहे. जंतूंवर पोसणारा एक अदृश्य विषाणू आहे. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला व त्या विषाणूस जंतुभक्षक अशा अर्थाचे नाव दिले. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी दोन वर्षे आधीच असा प्रकार पाहिला होता, हे येथे सांगणे न्यायाचे होईल.

देरेल यांना शोधापेक्षा उपचाराची ओढ अधिक. १९१९ साली पॅरिसच्या मुलांच्या रुग्णालयात रक्तातिसाराने अत्यवस्थ झालेल्या बारा वर्षांच्या एका मुलास त्यांनी हा द्रव पाजला. तत्पूर्वी तो स्वतः पिऊन पाहिला होता. मुलगा बरा झाला. १९२५ साली अलेक्झांड्रिया येथे प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठींत त्यांनी जंतुभक्षक टोचले, आणि चौघेही वाचले. ही वार्ता पसरताच त्यांना हिंदुस्थानातून बोलावणे आले. १९२६ साली ते मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेत प्लेगच्या कामासाठी आले. ज्या शहराने तीस वर्षांपूर्वी प्लेगचे थैमान भोगले होते, त्या शहराला या नव्या उपायाचे अप्रूप वाटणे साहजिकच होते. पुढे १९२७ साली पंजाबात व बंगालमध्ये पटकीवर त्यांनी मेलोन व लाहिरी या सहकाऱ्यांसमवेत काम केले. ज्या रुग्णाच्या आतड्यात जंतुभक्षक लवकर वाढतात तो जगतो, जेथे ते वाढत नाहीत तो दगावतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांनी खेड्यांच्या विहिरींतही जंतुभक्षक सोडून पाहिले.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे अवश्य वाटते. देरेल मोठे होते, परंतु काटेकोर नव्हते. यशाची वर्णने ते भरघोस करीत आणि टीका सहन करीत नसत. नोबेल पारितोषिकविजेते झ्यूल बोर्दे यांचे म्हणणे असे की, विषाणू वगैरे काही नसून जंतूच स्वतःस विरघळविणारा पदार्थ निर्माण करतात. हा वाद अनेक वर्षे चालला, कारण जे दिसत नाही त्याचा पुरावा द्यावा कसा? तशात औषधविक्रेत्यांच्या कुचकामी बाटल्यांमुळे उपायही बदनाम झाला, आणि पेनिसिलिन आल्यावर बहुतेक देशांत मागे पडला. तिबिलिसी येथे मात्र तो टिकला. देरेल यांचे मित्र जॉर्ज एलियावा यांनी तेथे उभारलेली संस्था आजही काम करीत आहे. खुद्द एलियावा यांना १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने ठार केले.

१९४० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जंतुभक्षकांची चित्रे टिपली, आणि देरेल यांचे मूळ म्हणणे खरे ठरले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांना व्हिशी येथे नजरकैदेत ठेवले होते. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी पॅरिस येथे त्यांचा अंत झाला. त्यांच्या विषाणूचे मर्म मात्र अजून उघडावयाचे होते.

ते उघडले अमेरिकेत, १९५२ साली. जंतुभक्षकाचे शरीर दोनच द्रव्यांचे असते : बाहेर प्रथिनाचे कवच, आत डी.एन.ए.चा धागा. जंतूच्या आत यांपैकी काय जाते? आल्फ्रेड हर्शी व मार्था चेस यांनी कवचाला किरणोत्सर्गी गंधकाची खूण केली, धाग्याला किरणोत्सर्गी फॉस्फरसची; कारण गंधक प्रथिनात असतो, डी.एन.ए.मध्ये नसतो, आणि फॉस्फरसचे त्याच्या उलट. जंतुभक्षक जंतूंना चिकटताच त्यांनी ते मिश्रण स्वयंपाकघरात वापरतात तसल्या मिक्सरमध्ये घुसळले. रिकामी कवचे झडून वेगळी झाली. त्यांच्यासमवेत बहुतेक गंधक गेला. फॉस्फरस बहुतांशी जंतूंच्या आत राहिला. म्हणजे विषाणू दाराबाहेर अंगरखा टाकून केवळ धाग्याच्या रूपाने आत शिरतो, आणि नव्या विषाणूंची सारी घडण त्या धाग्यातच लिहिलेली असते. देवीच्या विषाणूतही असाच डी.एन.ए. होता, २०२० साली जगाला घरात कोंडणाऱ्या कोरोनात त्याचे भावंड आर.एन.ए. आहे. देरेल यांची गढूळ नळी नितळ होत असे तेव्हा तिच्यात हेच चाललेले असे : एकेक धागा आत शिरे, अर्ध्या तासाच्या आत जंतू फुटे, आणि त्यातून शंभराहून अधिक जंतुभक्षक बाहेर पडत.